सोडा प्यायल्याने जंतू मरत नाहीत, मावशीचं बीपी मात्र वाढू शकतं

मावशी परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली की दहा दिवस झाले, ती रोज सकाळी ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा ढवळून पितेय. मावशीला बीपीच्या गोळ्या चालू आहेत! कुणी सांगितलं विचारलं तर तिने तोच मेसेज पाठवला जो माझ्याकडे तीन ग्रुपवर येऊन पडला होता आणि मी वाचलाही नव्हता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शरीरात पेशींच्या दहापट जंतू आहेत, अल्कलाइनमध्ये (म्हणजे आम्लाच्या उलट, क्षारीय) एकही जंतू जगत नाही, सोड्याने रक्त अल्कलाइन होतं, आणि हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1931 साली सिद्ध करून नोबेल मिळवलं.

दहापटीचं सोडून देते, तो जुना अंदाज पुस्तकांतही छापलेला असायचा. 2016 मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो या तिघा शास्त्रज्ञांनी नीट हिशोब मांडला, 70 किलोच्या माणसात साधारण 30 लाख कोटी पेशी आणि 38 लाख कोटी बॅक्टेरिया, म्हणजे जवळपास बरोबरीच. आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहून आपल्याला न पचणारे तंतू फोडतात, त्यांना मारायचंय कशाला?

खरा संताप आला तो ‘अल्कलाइनमध्ये एकही जंतू जगत नाही’ या वाक्याचा. कॉलराचा जंतू घ्या. लॅबमध्ये तो शोधायचा असतो तेव्हा शौचाचा नमुना मुद्दाम अल्कलाइन पेप्टोन वॉटर या जंतू वाढवायच्या द्रावणात टाकतात, त्याचा पीएच (आम्ल-अल्कलाइनचं माप, 7 च्या वर अल्कलाइन) साधारण साडेआठ, कारण बाकीचे जंतू तिथे मागे पडतात आणि कॉलराचा जंतू काही तासांत भराभर वाढतो. म्हणजे मेसेज ज्याला विष म्हणतोय ते त्याचं आवडतं घर आहे. उलट त्याला मारतं काय, तर आपल्या जठरातलं आम्ल. ज्यांच्या जठरात आम्ल कमी असतं त्यांना थोडक्या जंतूंनीही कॉलरा होऊ शकतो. आणि आपण तेच आम्ल सोडा ओतून मारायचं? आम्लातच तग धरणारा जंतूही आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी, तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल शमवतो. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, पुढे 2005 मध्ये रॉबिन वॉरेन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा कोणता जंतू कुठे जगतो हे त्या त्या जंतूवर असतं, सगळ्यांना एकच नियम नाही.

आता रक्त. ते आधीच किंचित अल्कलाइन असतं, पीएच 7.35 ते 7.45, आणि फुप्फुसं आणि किडन्या मिळून ते तिथेच धरून ठेवतात. मेसेजमध्ये लघवीची पट्टी तपासायला सांगितलंय, मावशीने तपासली, पट्टी निळी झाली म्हणजे लघवी अल्कलाइन, ती खूश. अगं मावशी, ती निळी झाली कारण तुझ्या किडन्या जादाचा बायकार्बोनेट (सोड्यातला अल्कलाइन भाग) बाहेर टाकतायत! रक्त खरंच जास्त अल्कलाइन झालं तर तो आजार आहे, पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय एका चमचा सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. बीपीच्या माणसाने निम्म्याहून जास्त कोटा सकाळीच, अनशापोटी संपवायचा, हा कुठला उपचार?

वारबुर्ग यांचं नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमसाठी होतं, सोड्याशी त्याचा काही संबंध नाही. कॅन्सरच्या गाठीभोवती आम्लता असते एवढं खरं, पण ती त्या पेशी स्वतः लॅक्टिक आम्ल टाकून तयार करतात, आपण प्यायलेला सोडा ती पुसतो हे माणसांत सिद्ध झालेलं नाही.

आणि हो, जळजळीला सोड्याने घटकाभर आराम पडतो हे मान्य, किडनीच्या काही पेशंटना डॉक्टर बायकार्बोनेट देतातही, पण रक्त तपासून, मोजून. मावशीने सोडा बंद केलाय. किती दिवस, किती चमचे घेतला हे डॉक्टरांना सांगायला लावलंय, आणि सोडियम-पोटॅशियमसाठी उद्या रक्त द्यायचंय, मी बरोबर जातेय.