नानांचं एक बिस्कीट

लिफ्टमध्ये नोटीस लागली आहे : 'बी-३०४ यांनी आपल्या कुत्र्यांना शिस्त लावावी.' आठवडाभर पहाटे उठून मी दुसरं काय करत होतो?

घरात सात वर्षांची राणी. तिच्या जोडीला दीड वर्षाचा गावठी बंड्या आणला. नव्या कुत्र्याला थेट दारातून आत घ्यायचं नसतं, कारण घर राणीचं. ओळख करायची ती दोघांपैकी कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेत. म्हणून सोसायटीमागचा रस्ता, सकाळी साडेसहा. लेकीकडे बंड्या, माझ्याकडे राणी, मध्ये वीस फूट, आणि तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर आणलं की कुत्री ते अंगावर येणं समजतात. पट्टा सैल, आपण ताणला की कुत्रंही ताणतं. अंतर रोज थोडं कमी करायचं, मग मागच्या बाजूने तीन सेकंद वास, लगेच हाक आणि खाऊ. तीनच सेकंद. जास्त वेळ दिला की नाकाला नाक भिडतं आणि गुरगुर सुरू होते.

चौथ्या दिवशी आम्ही पाच फुटांवर आलो. आणि नाना आले. १९८२ साली नानांकडे अल्सेशियन होता.

"आधी ठरवा, घरात बॉस कोण."

"ठरवायला कशाला पाहिजे, नाना?"

"म्हणजे कुत्राच ठरवणार! आमच्या टायगरला मी जेवल्याशिवाय घास मिळायचा नाही. दारातून आधी मी. सोफ्यावर चढला की उताणा पाडून मान दाबायची. लांडग्यांत असंच असतं."

लांडग्यांत असं नसतं. ही समजूत निघाली १९४७ साली छापलेल्या निरीक्षणांवरून, आणि ते लांडगे होते पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले. जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, असं डेव्हिड मीच या अभ्यासकाने १९९९ मध्ये लिहिलं. हे सगळं मी हातात पट्टा धरून, पावणेसातला, नानांना सांगितलं. चूक माझीच.

"हा मीच कोण? सी विंगचा?"

मग "बघा आता बॉस कसा कळतो," म्हणत त्यांनी खिशातलं ग्लुकोज बिस्कीट दोघांच्या बरोब्बर मधे टाकलं. एक. दोन कुत्री, एक बिस्कीट.

राणी ताठ झाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, मग गुरगुरली. गुरगुरण्यावर कधी ओरडू नये. ती सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात. बंड्याने सूचना वाचली नाही. रक्त आलं नाही, पण आवाजाने चार बाल्कन्या उघडल्या. अशा वेळी गळ्याशी हात घालायचा नाही, भांडणातलं कुत्रं हात कोणाचा ते बघत नाही. आम्ही पट्टे धरून मागे मागे सरकलो. नाना "हाणा त्याला!" ओरडत होते. बिस्कीट कावळ्याने नेलं.

पुन्हा वीस फूट.

घरात आता दोन खोल्यांत दोन वाट्या, दार बंद, पंधरा मिनिटांनी वाट्या उचलायच्या. हाडं, चेंडू माळ्यावर. स्वयंपाकघराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक. आधी राणीला, मग बंड्याला, रोज त्याच वेळी. यात मानपान काही नाही. पुढे काय होणार हे कळलं की कुत्री हातघाईवर येत नाहीत.

काल दोघं शेजारी शेजारी चालली. नाना वॉचमनला म्हणाले, "मी सांगितलं म्हणून."

नोटीस चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून पक्की केली आहे. बिस्किटाचा उल्लेख नाही.