वंशावळ लिहायची आहे? सुमेरी लेखनिकाला गाठा

समजा, तुमच्या राजाने चांदी देऊन तुम्हाला धान्य खरेदीला धाडलं आणि तुम्ही तिकडेच एक शहर बळकावून बसलात. ओशाळू नका. चार हजार वर्षांपूर्वी सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, इश्बी-एर्रा नावाच्या अधिकाऱ्याने जवळपास हेच केलं. त्याचा मालक, उर शहराचा राजा इब्बी-सिन धान्याची वाट बघत बसला, पूर्वेकडच्या एलामच्या फौजेने उर लुटलं, आणि आपले साहेब इसिन शहराच्या गादीवर. प्रश्न उरतो तो कुळीचा. लोक विचारणारच, तुम्ही कोण?

त्यासाठी सुमेरी राजांची यादी मुखोद्गत करा; कुठल्या शहरात कोणी किती वर्षं राज्य केलं, ते सांगणारी ही प्राचीन यादी. तिची सगळ्यात नामांकित प्रत ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. वीतभर उंचीचा, चार बाजूंनी कोरलेला मातीचा ठोकळा, मधोमध आरपार भोक. इतिहास गरगर फिरवून वाचता यावा, ही सोय तेव्हापासूनची.

सुरुवात स्वर्गातून करा. राजपद आकाशातून एरिदू शहरात उतरलं आणि अलुलिमने 28,800 वर्षं राज्य केलं, असं बेधडक लिहा. आकडा वाऱ्यावरचा नाही. सुमेरी हिशेब साठाचा, 3,600चा एक शार, त्याचे बरोब्बर आठ. जलप्रलयापूर्वी आठ राजे, मिळून 2,41,200 वर्षं. उरच्या काळातल्या जुन्या प्रतीत या आठांपैकी एकही नाही, ती यादी थेट किश शहरापासून सुरू होते. म्हणजे पूर्वजही मागाहून जन्माला घालता येतात. घाई नको.

फक्त ठोक आकड्यांवर मात्र थांबू नका, तिथे नवशिके फसतात. किशच्या पहिल्या घराण्याची बेरीज बघा: 23 राजे, 24,510 वर्षं, 3 महिने, साडेतीन दिवस. चोवीस हजार वर्षांवर शंका घेणारा माणूस त्या अर्ध्या दिवसापाशी गप्प होतो. एवढं बारीक कोण उगाच लिहील?

एका वेळी एकच शहर राज्य करतं, असं दाखवा; खरोखर दोन-तीन राजे एकमेकांच्या उरावर बसलेले असले तरी. किशचा अग्गा आणि उरुकचा गिल्गमेश यांच्या भांडणावर सुमेरीत अख्खं काव्य आहे. यादीत अग्गा किशच्या पहिल्या घराण्याचा शेवटचा राजा, त्याच्यामागून उरुक शहराची पाळी, आणि गिल्गमेश तिथला पाचवा. मधल्या चौघांची वर्षं मोजलीत तर दोघांत दोन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर पडतं. काव्य आणि यादी एकाच मुलाच्या हाती देऊ नका म्हणजे झालं.

आणि शेजारी? लगाश शहराचा राजा एआन्नातुम याने उम्मा या शेजारच्या शहरावरच्या विजयाचा शिलापट उभारला, त्यात गिधाडं चोचीत माणसांची मुंडकी धरून उडताहेत. तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. दगड एवढा बोलका, पण यादीत लगाशचं नाव नाही. शिव्या देऊ नका, निंदाही नको. लिहायचंच नाही.

गंमत म्हणजे किशच्या गादीवर कुबाबा नावाची गुत्तेवाली यादीने बसवली आहे, शंभर वर्षं. गुत्ता चालवणारी चालते, लगाश चालत नाही.

अक्काद साम्राज्याच्या पडझडीपाशी लेखनिकाचाही तोल गेलेला दिसतो. 'राजा कोण होता? राजा कोण नव्हता?' असं विचारून त्याने चार नावं नि मिळून तीन वर्षं लिहून टाकली. तुमच्या काळात असं काही झालं तर हे वाक्य जसंच्या तसं वापरा.

स्वतःच्या घराण्याशी आलात की आकडे आवरा, कारण साक्षीदार अजून जिवंत असतात. इश्बी-एर्राला 33 वर्षं. ठोकळ्यावर सर्वांत शेवटी सिन-मागिर, 11 वर्षं. त्याच्यानंतर इसिनला आणखी एकच राजा लाभला. मग लार्सा शहराचा राजा रिम-सिन याने इसिन घेतलं.

लार्साचं नाव यादीत नाही.