फासायला सगळे तयार, बघायला कुणी नाही

गाडीखाली तेलाचा डाग दिसला रे दिसला की मेकॅनिकच्या हातात सिलिकॉनची ट्यूब येते कुठून? खाली वाकायच्या आधी येते! "साहेब, चेंबरचं पॅकिंग गेलंय." अरे, पण बघितलंस कधी? बॉनेट उघडलंस? बॅटरी मारून वर बघितलंस? काही नाही. थेंब चेंबरच्या काठावर लोंबतोय ना, मग चेंबरच गळतंय. झालं निदान, काढा पैसे.

तेल वरून खाली येतं हे कळायला काय इंजिनीअर व्हावं लागतं? चेंबर म्हणजे इंजिनाचा तळ, तेल साठतं ते पत्र्याचं भांडं. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण गळू दे, ऑइल प्रेशरचा स्विच गळू दे, फिल्टरची रिंग गळू दे नाहीतर क्रँकचं सील, तेल ओघळत ओघळत शेवटी त्या काठावरच येऊन टपकणार. त्यात गाडी पळत असली की वारा ते आणखी मागे नेऊन फासतो. वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी आपल्या हॉलमधल्या पंख्यावरून टपकलं तर आपण पंखा बदलतो का? इथं सगळे पंखाच बदलायला बसलेत!

आणि मी सांगत होतो हो! ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की आत जळक्या तेलाचा वास येतो, हे प्रत्येकाला सांगितलं. चेंबरचं तेल रस्त्यावर पडतं, ते जळेल कशाला? वास येतो म्हणजे तेल वरून सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर पडतंय. पण गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचंच नाही असा काही नियम आहे बहुतेक. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्यानं तर माझं वाक्य पूर्ण होण्याआधी पोराला हाक मारली, "जा रे, बोल्ट आवळून टाक."

आवळून टाक! चेंबरचे बोल्ट असतात ६ एमएमचे, १० नंबरच्या पान्याचे. बहुतेक लहान गाड्यांत त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे नुसत्या मनगटाचं काम. हा पोरगा लांब दांड्याच्या रॅचेटवर सगळं अंग टाकून लटकलेला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना, आहे का म्हणून विचारलं, तर मालक म्हणतो, "साहेब, वीस वर्षं हाच टॉर्क रेंच," आणि स्वतःचा दंड दाखवतो. अहो, पत्र्याचं चेंबर आहे ते! असं आवळलं की बोल्टच्या भोकापाशी पत्रा वर दबतो, दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते आणि पॅकिंग चिरडून बाहेर येतं. म्हणजे गळत नसलेली जागा गळायला लागते. हा उपाय म्हणे!

मग पुढचा आला सिलिकॉनवाला. आता सिलिकॉनशी माझं भांडण नाही. कितीतरी गाड्यांत कंपनीतूनच चेंबरला वेगळं पॅकिंग नसतं, हे ट्यूबमधलं लिक्विड गॅसकेटच असतं. पण त्याची एक रीत आहे. तेल काढायचं, काही गाड्यांत आड येणारा सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवायचा, चेंबर उतरवायचं. दोन्हीकडची जुनी पापडी खरवडून काढायची, क्लीनरनं पुसून तेलाचा टिपूस ठेवायचा नाही, कारण तेलकट पत्र्यावर सिलिकॉन धरतच नाही. तीन-चार मिलिमीटरची एकच सलग रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं. बोल्ट मधल्यापासून आलटून पालटून. आणि वाळू द्यायचं, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत. यानं काय केलं? त्याच काळ्याकुट्ट चिंधीनं एक हात फिरवला, त्यावर दुहेरी रेघ मारली, हातासरशी बोल्ट लावले आणि चहा पिऊन झाल्यावर तेल ओतलं. "अर्ध्या तासात रेडी, साहेब!"

तेच चेंबर नंतर दुसरीकडे उतरवलं तेव्हा मी मुद्दाम खाली बसून बघितलं. आतल्या काठाला करड्या सिलिकॉनची जाड दोरी, अर्धी चिकटलेली, अर्धी सुटून तेलात लोंबणारी. आणि तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर अडकलेले दोन तुकडे, नखाएवढे. ती जाळी चोक झाली असती तर तेल वर गेलंच नसतं. बेअरिंग गेली असती, इंजिन जाम झालं असतं, तेही बहुधा ऐन गायमुखच्या चढावर, मागे कंटेनरची रांग लागलेली असताना. थेंब थांबवायला निघालेला माणूस इंजिनाचा जीव घ्यायला बसला होता, आणि त्याच्या गावीही नाही!

मोठ्या सर्व्हिस सेंटरला जा म्हणणाऱ्यांनाही नमस्कार. तिथं एसी असतो, कॉफी असते आणि हातात टॅब घेतलेला एक मुलगा असतो. त्यानंही गाडीखाली डोकावलं नाही. एस्टिमेटमध्ये पूर्ण नवीन चेंबर, लेबर, तेल, फिल्टर आणि लेबरवर १८ टक्के जीएसटी. नेमकं कुठून गळतंय विचारलं तर, "सर, सिस्टिममध्ये असंच येतंय." सिस्टिमला गाडीखाली झोपवलं होतं का? आणि संध्याकाळी फोन, की सर, फीडबॅकला दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात.

चेंबर इथं लोकांच्या पटकन डोळ्यांवर येतं त्यालाही कारण आहे म्हणा. घोडबंदर रोडला राहणाऱ्याचं चेंबर कधी ना कधी कशाला तरी घासतंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर हवा. आमच्याकडे वीतभर रुंदीचा डांबराचा बांध रात्रीत उगवतो, ना पट्टे, ना पाटी. पण घासलं की पत्र्यावर खरचटा दिसतो, पोचा दिसतो. माझ्या चेंबरवर ओरखडासुद्धा नव्हता. तेही कुणी बघितलं नाही.

इकडे सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाका रोज माझ्या पार्किंगचा फोटो टाकतायत. नवीन पेव्हर ब्लॉक, त्यावर डाग, खाली "संबंधितांनी दखल घ्यावी". अहो काका, दखल मीच घेतोय, बाकी कुणी घेत नाहीये!

शेवटी बायको म्हणाली, तूच बघ. इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशनं वरपासून खालपर्यंत धुतलं, सुकवलं, शंकेच्या प्रत्येक सांध्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. गाडी कळव्यापर्यंत नेऊन आणली आणि बॉनेट उघडलं. पांढऱ्या पावडरीत टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली एक काळी रेघ, मॅनिफोल्डच्या कडेनं उतरत गिअरबॉक्सच्या जोडावरून थेट चेंबरच्या काठापर्यंत. आंधळ्यालाही दिसावी अशी! त्या कव्हरचं रबर दाबून बघितलं तर लाकडासारखं कडक. इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, चांगला असला की खुळखुळ वाजतो, तर हा वाजेना, आत काजळीनं भरलेला. तो चोक झाला की इंजिनाच्या आत दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर पॅकिंगमधून वाट काढतं. सगळा प्रकार एवढाच. रबर आणि व्हॉल्व्ह, दोन्ही मिळून सर्व्हिस सेंटरच्या नुसत्या लेबरपेक्षा कमी पैशात आले.

वरची गळती बंद झाली. आणि आता चेंबर गळतंय. खरोखरचं! आवळून आवळून काठ वाकवलाय ना यांनी. सरळ पट्टी धरली की बोल्टागणिक खळगे दिसतात. म्हणजे जे खराब नव्हतं ते दुरुस्त करण्याचे पैसे मी दिले, आणि त्या दुरुस्तीनं जे खराब झालं त्याचेही मीच देणार. पहिल्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, "जुनी गाडी आहे, होणारच."

नवीन चेंबर मागवलंय. जो कुणी बसवेल त्यानं आधीच ऐकून ठेवावं: मी शेजारी स्टूल टाकून बसणार, पत्रा पुसला की नाही ते बोट फिरवून बघणार, टॉर्क रेंच माझा असेल आणि गाडी रात्रभर तुझ्या दारात उभी राहील. परवडत नसेल तर आत्ताच नाही म्हण.