दोन रोट्या आणि एक बाटली

मी औषध कंपनीचा एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. काल संध्याकाळी इंदूरला पाटणीपुऱ्याच्या चौराह्यावर अडकलो होतो. पुढे ई-रिक्षा, मागे ई-रिक्षा, आणि खिशात मोबाइल टणटणला. कंपनीचं एक्स्पेन्स ॲप, ज्यात टूरच्या खर्चाची बिलं टाकायची. 'युवर क्लेम हॅज बीन पार्शली अप्रूव्ह्ड.' हा 'पार्शली' शब्द ज्याला सुचला त्याला एकदा मे महिन्यात खंडव्याच्या बसमध्ये, इंजिनच्या झाकणावर बसवून न्यायचंय. अर्ध्या रस्त्यात उतरवीन. पार्शली.

मागितले १९४. मंजूर १५०. कापले ४४.

मागच्या मंगळवारचं हे बिल. खंडव्याला बसस्टँडजवळच्या भोजनालयातलं. थाळी १५० रुपये: दोन भाज्या, डाळ, मूठभर भात, चार रोट्या, आणि कांद्याची एक चकती, ती पण बिचारी एकटीच. मी रोट्या दोन जास्त घेतल्या, बारा-बारा रुपयांच्या. पाण्याची एक बाटली घेतली, वीस रुपयांची. झाले १९४. एक्स-स्टेशनला, म्हणजे सकाळी जाऊन त्याच दिवशी परतायच्या गावाला, जेवणाची आमची मर्यादा किती? २०० रुपये. म्हणजे मी मर्यादेच्या आत आहे. सहा रुपये तर वाचवलेत कंपनीचे! पण नाही. खाली लाल अक्षरांत शेरा: 'एक्स्ट्रा रोटी नॉट पार्ट ऑफ मील. वॉटर इज पर्सनल.'

वॉटर इज पर्सनल.

निमाडात, म्हणजे खंडव्याच्या त्या पट्ट्यात, मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकतो. बसमधून उतरलो तर डांबराला बूट चिकटत होते. नऊ डॉक्टर, पाच केमिस्ट, एक स्टॉकिस्ट (औषधांचा ठोक व्यापारी), तोही ऊन टळल्याशिवाय दुकानात न येणारा. गळ्यात टाय, कारण टाय पॉलिसीत आहे. मोजे पॉलिसीत आहेत. पाणी पर्सनल आहे. मला तहान लागते ती माझी खाजगी हौस आहे, रविवारी दुपारी मी ती जोपासतो, असं काहीसं तो शेरा मारणाऱ्या पोराला वाटत असणार. पोरगाच असेल. मुंबईच्या हेड ऑफिसमध्ये एसीत बसलेला, शेजारी कंपनीचा वॉटर कूलर, गार-कोमट-गरम तीन नळांचा. तो कूलर कुणाच्या पर्सनल खात्यातून आला म्हणे?

आणि रोट्या. माणसानं किती रोट्या खाव्यात हे ठरवणारा कॉलम अकाउंट्सच्या कुठल्या शीटमध्ये आहे ते मला बघायचंय. माझी आजीसुद्धा पाहुण्याच्या पानातल्या पोळ्या मोजत नव्हती, आणि आजी अशी होती की दूधवाल्याचा हिशेब तीन वर्षांमागचा काढायची. सकाळी साडेपाचला रामबागेतून निघालेला माणूस, सिमरोलच्या घाटात ट्रकांच्या मागे तास घालवलेला, तो चार रोट्यांवर उठेल? तळहाताएवढ्या तर रोट्या. चार मिळून आमच्या घरच्या अडीच पोळ्या होत नाहीत.

बरं, मजा अशी की चूक माझीच. गल्ल्यावरच्या मालकानं बिलबुक उघडून विचारलं होतं, 'भिया, क्या लिखूँ?' त्याला आमची जमात पाठ आहे. आधीच्या टेबलावरच्या एमआरला त्यानं 'स्पेशल थाली' असं लिहून दिलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. मी मात्र हरिश्चंद्र! म्हटलं, जे खाल्लं तेच लिहा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोराकडे बघतो. आणि लिहिलं. रोटी २. पानी १. त्या दुसऱ्याचं बिल त्याच्या कंपनीत पास झालं असणार, पैजेवर सांगतो.

आता दर. स्वतःच्या मोटरसायकलवर फिरलं की आमचा किलोमीटरचा दर अडीच रुपये. हा कधी ठरला? पेट्रोल सत्तर-पंचाहत्तरच्या घरात होतं तेव्हा, २०१७ साली. त्याच वर्षी रोज सकाळी भाव बदलायची पद्धत सुरू झाली. तेव्हापासून भाव रोज बदलू शकतो, माझा दर नऊ वर्षांत बदलू शकत नाही. २०२१ला पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तेव्हा म्हणाले, तात्पुरतं आहे. मी शेवटचं भरलं ते १०६ रुपयांच्या वर. माझी गाडी पंचेचाळीसचा ॲव्हरेज देते, तोही मूड असेल तर. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये छत्तीस पैसे नुसते जळून जातात. उरले चौदा पैसे. या चौदा पैशांत टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, इन्शुरन्स आणि गाडीची झीज. दर अडीच हजार किलोमीटरला ऑइल बदलावं लागतं. तोवर चौदा-चौदा पैसे साठून साडेतीनशे रुपये होतात. तेवढ्यात माझा मेकॅनिक गाडीला हातही लावत नाही. हातावर हात ठेवून फक्त 'आवाज येतोय' म्हणतो.

ही आकडेमोड मी एकदा मीटिंगमध्ये मांडली होती. स्लाइड करून. मॅनेजर म्हणाला, 'गुड ॲनॅलिसिस. असंच ॲनॅलिसिस आपण प्रिस्क्रिप्शनचं केलं तर?' सगळे हसले. मीपण हसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही, जास्त माझ्यावरच आहे.

खंडव्याचं प्रकरण तर वेगळंच. शंभर किलोमीटरच्या वर गेलं की आमच्या फेअर चार्टात गाडीचा दर चालत नाही, दुसऱ्या वर्गाचं रेल्वे भाडं मिळतं. इंदूर-खंडवा रेल्वे भाडं! मंडळी, तुम्हीच सांगा, गाडी कुठे आहे? महूच्या पुढच्या मीटरगेजचं गेज-बदलाचं, म्हणजे रूळ रुंद करायचं, काम चाललंय. ओंकारेश्वर रोडपर्यंत उरलीसुरली जी जात होती ती पण २०२३मध्ये बंद झाली. पाताळपाणी, कालाकुंड, तिथल्या स्टेशनवरचा तो कलाकंद, सगळं आठवतं, पण आठवणींवर बसून खंडव्याला जाता येत नाही. मी लिहिलं, साहेब, गाडी बंद आहे, बसचं भाडं द्या. उत्तर आलं: 'प्लीज अटॅच रेल्वे तिकीट.' मी परत लिहिलं की रेल्वेच नाही. उत्तर: 'इन दॅट केस, प्लीज अटॅच लेटर फ्रॉम रेल्वे.' म्हणजे आता मी रतलामला डीआरएमच्या, म्हणजे रेल्वेच्या विभागीय साहेबाच्या, दारात उभं राहून म्हणू, साहेब, तुमची गाडी नाही असं मला लिहून द्या, माझ्या बसच्या तिकिटाचा प्रश्न आहे?

आमच्या ताईचे मिस्टर केंद्र सरकारी नोकरीत. रविवारी जेवायला आले होते. माणूस चांगला, पण त्यांना टूरबद्दल विचारू नये. विचारलं. त्यांना २०१७च्या आदेशापासून टूरवर जेवणाचे दिवसाला ८०० ठरलेत, बिल नाही, काही नाही, स्वतः सही करून द्यायचं की मी गेलो होतो. बारा तासांच्या वर बाहेर राहिलं की पूर्ण, सहा ते बारा तासांत सत्तर टक्के. त्यातही लिहूनच ठेवलंय की महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना टेकला की ही रक्कम आपोआप पाव हिश्श्यानं वाढेल. २०२४च्या जानेवारीत टेकला. झाले हजार. कुणाला मेल नाही, स्लाइड नाही, 'गुड ॲनॅलिसिस' नाही. भाऊजी आमरसात पोळी बुडवत म्हणाले, 'तुमचापण डीए आहेच की.'

आहे ना! अक्षरं तीच. त्यांचा डीए म्हणजे महागाई भत्ता, वर्षातून दोनदा लेबर ब्युरोच्या महागाईच्या आकड्यावर चढतो. आमचा डीए म्हणजे दैनिक भत्ता. तो कुठल्याच आकड्यावर चढत नाही, खुर्चीत बसलेल्या आजोबांसारखा आहे तिथेच आहे. आणि खरी लबाडी पुढे आहे. आमच्या कंपनीनं शहरांचे दर्जे कुठून घेतले? सरकारकडूनच! मुंबई, पुणे एक्स. इंदूर वाय. म्हणून मुंबईच्या पोराला एचक्यूचे, म्हणजे आपल्याच शहरात काम केल्याच्या दिवसाचे, ३२५ आणि मला २२०. सरकारचा वाय घेतला, पण सरकारची ती पन्नास टक्क्यांची ओळ नाही घेतली. सरकारचं पान फाडलं, पण जिथे आपल्या खिशाला लागत नाही तिथपर्यंतच.

वर पुन्हा ऐकवतात, 'इंदूर में क्या, पोहा खाओ और मस्त रहो, दस रुपये में पेट भर जाता है.' हे झोनल मॅनेजरचे शब्द. त्याला मी १० रुपयांचे पोहे दाखवण्याचं बक्षीस ठेवलंय. २० रुपयांच्या खाली आता ढंगाची प्लेट नाही, त्यात शेव मोजून टाकतात, जीरावन मसाला तेवढा उदार हातानं. आणि समजा मिळालेच, तरी माणूस दिवसभर पोह्यांवर राहील का? लोकांना वाटतं इंदूरवाले सकाळी पोहे, दुपारी कचोरी आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उभ्याउभ्याच जगतात. मला अल्सर आहे हो. मी ॲसिडिटीच्या गोळ्या विकतो आणि सॅम्पलमधल्याच खातो. ही माझ्या कंपनीनं मला दिलेली एकमेव वैद्यकीय सुविधा.

(सॅम्पल खाल्लेलं लिहायला नको होतं. असो. गेलं.)

आयटीतला चुलतभाऊ म्हणतो, आमच्याकडे फूड कार्ड आहे. म्हटलं तुमचं काय कौतुक, आयकराच्या नियमात एका जेवणाला ५० रुपयेच करमाफ धरत होते, वर्षानुवर्षं. ५० रुपयांत काय येतं ते त्या नियमवाल्यांनी कधी ताटात वाढून बघितलंच नसणार. पण त्याच्याकडे निदान कुणी रोट्या मोजत नाही. कार्ड टेकवलं, जेवला.

ॲपचं तर बोलूच नका. आधी कागदी व्हाउचर होतं, महिन्याच्या पाच तारखेला कुरिअर करायचं, विसरलो तर पुढच्या महिन्यात. आता ॲप आहे, प्रगती आहे. बिलाचा फोटो सरळ पाहिजे, चारी कोपरे दिसले पाहिजेत, सावली नको. भोजनालयाचा कागद टिश्यूसारखा, त्यावर डाळीचा डाग. ॲप म्हणतं 'इमेज नॉट क्लिअर'. मी उन्हात, बाकावर, एका हातानं कागदाचे दोन कोपरे धरून तिसरा कोपरा कोपरानं दाबून फोटो काढतोय आणि चहावाला विचारतोय, 'साब, लॉटरी लगी क्या?' जीएसटी नंबर नाही म्हणून दोन बिलं त्या आधीच परत आलीत. खंडव्याच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीला जीएसटी नंबर! चहावाल्यानं हे ऐकून हात जोडले, मला वाटतं घाबरून.

काल रात्री बसून या ४४ रुपयांसाठी मी अपील लिहिलं. सव्वादहाला बसलो, पावणेबाराला उठलो. पॉलिसीची पीडीएफ छापून आणली होती, पाच रुपये पान, सात पानं. पस्तीस तिथेच गेले. त्यात 'मील' ची व्याख्या शोधली. नाहीये. 'मील शाल मीन अ मील' असं पण लिहिलं नाहीये, ते तरी परवडलं असतं. चार परिच्छेद झाले, तिसऱ्यात मी मनुष्याच्या शरीरात पाणी किती टक्के असतं तेही घातलं. बायको डोकावून म्हणाली, 'अहो, तुम्ही सहा रोट्या खाता? घरी तर तीन पोळ्यांवर डायट म्हणून उठता.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

सगळं खरं सांगायचं तर एचक्यूच्या दिवशी मी घरी येऊन वरणभात जेवतो आणि २२० पूर्ण घेतो. ते बिलाशिवाय मिळतात, म्हणून घेतो. त्यात कुणी विचारत नाही की वरण कंपनीचं की पर्सनल. म्हणजे जिथे मी जेवतच नाही तिथे पैसे मिळतात, आणि जिथे उपाशीपोटी उन्हात फिरून खरोखर जेवलो तिथे रोट्या मोजतात. आणि गोव्याला कॉन्फरन्स झाली फेब्रुवारीत, तीन दिवस, समुद्राकडच्या खोल्या, रात्री स्टेजवर धुराचं मशीन. त्या धुराचं बिल कुणाच्या शेऱ्यातून गेलं? 'स्मोक इज पर्सनल' असं कुणी लिहिलं नाही. परत येताना प्रत्येकाला एक मग दिला, त्यावर छापलंय 'वुई केअर'. आई त्यात आता टूथब्रश ठेवते.

अपील पाठवलं नाही. सकाळी वाचलं तर ते पाण्याचे टक्के बघून माझी मलाच लाज वाटली. दोन ओळींची मेल केली, 'सर, काइंडली रिकन्सिडर', खाली रिगार्ड्स, ज्या शब्दाचा मला तिटकारा आहे.

आज देवास होतं. बायकोनं न विचारता स्टीलची लिटरभराची बाटली भरून बॅगेत कोंबली, वर म्हणाली, 'घ्या, पर्सनल.' बाटलीचं झाकण जुनं, वायसर गेलेलं. मांगलिया ओलांडेपर्यंत बॅगेच्या खालून थेंब गळायला लागले, मला वाटलं पेट्रोल गळतंय म्हणून थांबलो. आत नव्या गोळीच्या लिटरेचरचा, म्हणजे माहितीपत्रकांचा, अख्खा गठ्ठा भिजून पापडासारखा फुगलेला, ऐंशी प्रती, उद्या लॉन्चच्या. देवासच्या पहिल्या डॉक्टरसमोर एक काढायला गेलो तर तीन चिकटून आल्या.

आता ॲप उघडून बसलोय. नुकसान कुठल्या हेडखाली टाकायचं ते सापडत नाही. 'इतर' दाबलं. ते म्हणतंय, बिल जोडा.