जिनोम आहे, मग जंतू कशाला जपायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कल्चर कलेक्शनवरच्या, म्हणजे जिवंत जंतू जपून ठेवणाऱ्या संग्रहांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की जंतूचा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, एकदा वाचून कॉम्प्युटरवर ठेवला की काम झालं, जिवंत जंतू वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं ही सरकारी पैशाची उधळण आहे आणि त्यातून काही निघालंच तर ते परदेशी कंपन्यांच्या घशात जातं. जंतू इतका बिनकामाचा असेल, तर कंपन्या त्याच्यामागे कशाला लागतील?

कंपन्यांबद्दलचा तुमचा राग मात्र खरा आहे. १९४९ मध्ये फिलिपिन्समधल्या इलोइलोचे डॉक्टर अबेलार्दो आगिलार यांनी तिथल्या मातीचे नमुने एलाय लिली या अमेरिकन कंपनीला पाठवले. त्यातल्या एका जंतूपासून एरिथ्रोमायसिन निघालं, १९५२ मध्ये ते बाजारात आलं. आगिलार रॉयल्टी मागत राहिले, ती मिळाली नाही. आज आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी कंपनीला इथला जंतू न्यायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पण 'हा जंतू आमचा' असं म्हणायला तो कुठल्या मातीतला, कधी वेगळा केलेला, याची नोंद हवी आणि पडताळायला जंतूही हाताशी हवा. कलेक्शन नसेल तर कायदा कागदावरच.

आता जिनोम. याच एरिथ्रोमायसिनच्या जंतूचा, सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रियाचा, जिनोम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध येऊन पंचावन्न वर्षं झाली होती. ब्याऐंशी लाखांच्या आसपास अक्षरं वाचल्यावर दिसलं की असे खास रेणू बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह त्यात आहेत. त्यातले बरेचसे काय बनवतात ते नुसत्या अक्षरांवरून सांगता येत नाही, जंतू वाढवूनच बघावं लागतं. घसा धरला की डॉक्टर अझिथ्रोमायसिन लिहून देतात ना? तेही एरिथ्रोमायसिनपासूनच करतात, आणि एरिथ्रोमायसिन आजही टाक्यांमध्ये जंतू वाढवूनच मिळवतात.

बरं, 'गोठवून ठेवणं' म्हणजे फ्रीझरमध्ये टाकून विसरणं नव्हे. साय काढलेल्या दुधात पेशी कालवायच्या, काचेच्या अँप्युलमध्ये थोडंसं सोडायचं, गोठवून व्हॅक्यूमखाली सुकवायचं आणि अँप्युलची मान ज्योतीवर वितळवून बंद करायची. तळाशी पांढरी टिकली उरते. कित्येक वर्षांनी अँप्युल फोडून ब्रॉथचे, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्याचे, दोन थेंब घातले की वाढ दिसते. पण सगळेच इतके गुणी नसतात. स्पोअर (बीजाणू) न धरणाऱ्या कित्येक बुरशींना सुकवणं सोसत नाही, त्यांना द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवावं लागतं. उष्ण प्रदेशातल्या काही तर साध्या फ्रिजच्या थंडीतही मरतात.

मग स्लँटवरून स्लँटवर, म्हणजे नळीत तिरप्या थिजवलेल्या खाद्यावरून नव्या नळीत, सबकल्चर करत राहावं? त्यात स्ट्रेन (जंतूचा वाण) हळूहळू बिघडतो, औषध बनवायचंही सोडू शकतो. शिवाय पावसाळ्यात माइट्स. डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा किडा कापसाच्या बोळ्यातून आत शिरतो आणि एका नळीतले स्पोअर दुसरीत नेऊन टाकतो. सकाळी प्लेट उघडावी तर त्याच्या पावलांच्या रांगेत भलत्याच बुरशीचे ठिपके उगवलेले! ज्याने हे पाहिलंय तो कलेक्शनच्या खर्चावर फार बोलत नाही. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) १९५१ पासून हे काम चालू आहे आणि तिथून उद्योगांना कल्चर विकतही मिळतात, एवढं सांगून खर्चाचा मुद्दा सोडतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, जरा खोचकपणेच, की तुमच्या शेतातले हरभऱ्याचे जिवाणू पाठवले तर कलेक्शनवाले ठेवून घेतील का. नुसती माती नाही घेणार, शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जंतूची निर्भेळ वाढ, लागतं. फुलोऱ्याच्या सुमारास दोन-चार जोमदार झाडं मातीच्या ढेकळासकट उपटा. मुळांवरची एखादी गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी असेल तर रायझोबियम, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारा जिवाणू, कामावर आहे. बाकीच्या गाठी न सोलता, मुळं न धुता, एक-दोन दिवसांत जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात न्या आणि जिवाणू वेगळा करून देतील का ते विचारा. सोबत गाव, गट नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा.