हव्यक कन्नड ‘बिघडलेली’ आहे का? एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

मागच्या लेखावर ‘जुना वाचक’ या नावाने एक बरीच चिडलेली प्रतिक्रिया आलीय. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की हव्यक बोली (म्हणजे कारवारपासून कासरगोडपर्यंतच्या भागातल्या हव्यक ब्राह्मणांची घरची कन्नड) ही तुळू-कोकणी मिसळून बिघडलेली कन्नड, तिला उगाच डोक्यावर घेऊ नका. ज्या बोलीत बाईला नपुंसकलिंग लावतात तिचं कौतुक करायला लाज वाटली पाहिजे. आणि शेवटी, ब्राह्मणांच्या बोलीचे गोडवे गायला मराठी ब्लॉग कशाला हवा? खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथेच लिहितो.

वाचकहो, ‘बिघडलेली’ म्हणायला आधी कुठलीतरी चांगली अवस्था धरावी लागते ना, मग तीच बघूया. आजच्या पुस्तकी कन्नडमध्ये ‘मी’ला नानु आणि ‘मला’ला ननगे. दक्षिणेला, पुत्तूर-कासरगोडकडच्या हव्यक घरात आनु आणि एनगे. आता बाराव्या शतकातली वचनं काढून बघा, बसवण्णांच्या तोंडी एन्न, एनगे हेच आहे. म्हणजे जुनं रूप घरात टिकलं आणि बदललं ते पुस्तकात, मग बिघडलं नक्की कोण? (मी तर म्हणेन कोणीच नाही, पण तुमचाच न्याय लावायचा तर उत्तर तुमच्या विरुद्ध जातं.) शेजारच्या भाषांतले शब्द आलेत हे खरंय, दक्षिणेत तुळूचे आहेत, कारवार बाजूला कोकणीचे आहेत, पण मराठीतली फारसी काढली तर आपल्याकडे कोर्टात बोलायला काय उरेल सांगा.

आणखी एक गंमत, जी मराठी माणसाला लगेच कळते आणि बंगळुरूच्या माणसाला समजावून सांगावी लागते. आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळं ठेवतो, म्हणजे समोरचा त्यात धरलाय की नाही ते कळतं. प्रमाण कन्नडमध्ये दोन्हीला नावु. पण दक्षिणेकडच्या हव्यकांत समोरच्याला सोडून ‘आम्ही’ म्हणजे एंगो, त्याला धरून नावु. जुन्या कन्नडमध्येही हा भेद होता. आता याला बिघाड म्हणायचं का?

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. या बोलीचं व्याकरण भाषाशास्त्रज्ञ डी. एन. शंकर भट यांनी लिहिलं आणि ते १९७१ साली छापलं कोणी तर पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजने! म्हणजे मराठी ब्लॉगवर हे कशाला या प्रश्नाचं अर्धं उत्तर येरवड्यातच आहे. हेच भट पुढे कन्नडवरचं संस्कृतचं ओझं कमी करा, महाप्राण अक्षरं (ख, घ, भ यांसारखी) लिहिणं सोडा असं आयुष्यभर सांगत राहिले आणि भल्याभल्यांचा रोष ओढवून घेतला.

शिवाय ‘शुद्ध येत नाही म्हणून असं बोलतात’ हा जो सूर आहे ना, त्याला उत्तर म्हणून यक्षगान, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, बघा. होन्नावरकडची केरेमने मंडळी, चिट्टाणी रामचंद्र हेगडे, सगळे हव्यक घरांतले. रंगमंचावर अस्खलित ग्रांथिक कन्नड, तीही ऐनवेळी सुचलेली, आणि घरची बोली वेगळी. दोन्ही येतात, कुठे कुठली वापरायची ते कळतं, बस.

बाकी ‘हव्यक बोली’ एकच आहे हेही तितकंसं खरं नाही. उत्तरेकडच्या सिरसी-सिद्धापूरच्या माणसाला कासरगोडचं बोलणं पहिल्या झटक्यात कळत नाही. सिरसीकडे आई म्हणजे चक्क ‘आयी’, दक्षिणेत ‘अब्बे’. कारण नकाशात आहे. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, दक्षिण कन्नड मद्रासमध्ये, सागर तालुका म्हैसूर संस्थानात, आणि १९५६ नंतर कासरगोड केरळात गेलं. एका समाजाच्या तीन-चार वाटण्या झाल्या. त्यात राहणी अशी, की गावठाण नसतंच, दरीच्या तळाला सुपारीची बाग आणि बागेच्या कडेला एकेक घर, शेजारी हाकेच्या पलीकडे. मुंबई इलाख्यात तर एक एकर बागेमागे नऊ एकरपर्यंत जंगल पाल्यासाठी राखून दिलेलं असायचं, त्याला ‘बेट्ट’ म्हणतात, कारण सुपारीच्या मुळाशी पालापाचोळा घातल्याशिवाय बाग तग धरत नाही. अशी लांब लांब विखुरलेली घरं आणि मध्ये सरकारी हद्दी, बोली वेगळी होणार नाही तर काय?

आता नपुंसकलिंग. ‘अक्का आली’ला पुस्तकात अक्क बंदळु, हव्यकांत अक्क बंतु, म्हणजे शब्दशः ‘आलं’. आजीलाही तेच. ऐकायला विचित्र वाटतं मान्य, पण तेलुगूत ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ याला एकच क्रियापद आहे, वच्चिंदि, आणि तेलुगू बायकांना कोणी वस्तू समजत नाही (म्हणजे समजतात, पण व्याकरणामुळे नाही!). गोव्यात धाकट्या मुलीला ‘तें आयलें’ म्हणतात ते तर मायेनं. द्रविड भाषांत पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे अशी विभागणी फार जुनी आहे असं मोठमोठे अभ्यासक मानतात. बंगालीत लिंगभेदच नाही, म्हणून बंगालात बालविधवा नव्हत्या का?

हव्यक समाजात बाईवर अन्याय झाला का? झाला की. पण तो दाखवायला व्याकरण कशाला लागतं, याच बोलीतलं नाटक आहे! कर्कीच्या सूरी वेंकटरमण शास्त्रींनी १८८७ मध्ये ‘इग्गप्प हेग्गडे विवाह प्रहसन’ लिहिलं, पैसे घेऊन मुलगी देण्याच्या चालीवर, आणि पात्रांना हव्यक बोलीतच बोलायला लावलं. कन्नडमधलं पहिलं सामाजिक नाटक म्हणून त्याचं नाव घेतात. आपली ‘शारदा’ आली १८९९ ला, विषय जवळपास तोच. म्हणजे ही बोली छापखान्यात शिरली तीच मुळी स्वतःच्या जातीला चार शब्द सुनावायला, आणि तुम्ही मला गोडवे गाण्याबद्दल बोलताय.

जातीचा मुद्दा मात्र मी झटकत नाही. बागेची मालकी यांची, सुपारीच्या झाडावर चढणारा ‘कोनेगौडा’ दुसऱ्या जातीचा, त्याची बोली कोणी पुण्यात छापली नाही हे खरंच. उत्तर कन्नडमधल्या हळक्की वक्कलिग समाजाची कन्नडही तितकीच वेगळी आणि ऐकण्यासारखी आहे. पण म्हणून हव्यक बोलीवर लिहायचं नाही हे पटत नाही, हळक्कींवरही लिहायला हवं असं म्हणा, मी आहे तुमच्यासोबत. तसंही पुत्तूर-कासरगोडच्या त्याच सुपारीच्या पट्ट्यात कऱ्हाडे ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या आपली मराठी बोलताहेत, ती सदाशिव पेठेत ऐकवली तर कोणाला धड कळणार नाही. तिलाही बिघडलेली म्हणणार का, तेवढं खाली लिहा.