आधीच चालू हाय म्हणतंय!

सकाळी सव्वासहाला फोन. ‘दादा, ते वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालूच हुईना की ओ. आधीच चालू हाय म्हणतंय.’ चहा तसाच टाकून उजळाईवाडीवरनं गोकुळ शिरगाव गाठलं. बंद असलेला प्रोग्राम म्हणतोय मी चालू आहे. नाद खुळा!

डॉकरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम वेगळा बंदिस्त चालवायचा डबा, उघडून बघतोय तर सुरू करायची स्क्रिप्ट सहा ओळींची, आणि शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या नावाआधी ‘एक्झेक’ नाही. एका शब्दाचा आळस! तो असता तर शेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा, बाजूला होऊन त्याच्या जागी आपला प्रोग्रामच पीआयडी १, म्हणजे डब्यातली एक नंबरची प्रोसेस, झाला असता. आता १ वर शेल बसलाय आणि प्रोग्राम बिचारा ७ वर. रात्री पोरानं कंटेनर बंद करायला रीतसर ‘डॉकर स्टॉप’ मारलं. सिगटर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ सांगणारा १५ नंबरचा सिग्नल, गेला १ ला. पीआयडी १ नं हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारा कोड, लावला नसेल तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तो सिग्नल त्याला लागूच पडू देत नाही. शेल ढिम्म. ७ ला कुणी सांगतच नाही. मी रात्र जागून लिहिलेला हँडलर, फाईल नीट बंद करणारा, लॉक (चालू असल्याची खूण म्हणून आपला पीआयडी लिहिलेली फाईल) पुसणारा, आजवर एकदाही चालला नाही! दहा सेकंद वाट बघून डॉकर ९ नंबर मारतोय, सिगकिल, १ सोबत ७ पण जागेवर ठार. त्याला हँडलर लावताच येत नाही. शेवटचं वजन अर्धवट, लॉकच्या फाईलीत ‘७’ तसाच.

सकाळी परत चालू केलं. प्रोग्रामला नंबर मिळाला, कितवा? ७! फाईल वाचली, ७ जिवंत आहे का विचारलं. आहे की! अरे बाबा, तो तूच आहेस!

(हे तपासणं माझंच, कबूल. फ्लॉक, म्हणजे कर्नलकडनं फाईलीला लावून घ्यायचं लॉक, वापरायला पाहिजे होतं. प्रोसेस मेली की ते लॉक कर्नलच सोडतो.)

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला फोन लावला तर म्हणतोय, ‘किल मायनस नाइन मारा की, चालतंय.’ कशालाही नाइन! दाढ दुखली तर मुंडकं उडवतोस काय रे?

एक्झेक घातलं, शिळी फाईल पुसली. स्टॉप मारलं, क्षणात गपगुमान बंद. निघणार तेवढ्यात सुपरवायझर मागनं, ‘दादा, दुसऱ्या काट्याला पण हीच फाईल कॉपी मारलीया बरं का.’